लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या जुन्या जपानी चित्रांचे (उकियो-ए) प्रसिद्ध चित्रकार होकुसाई, हिरोशिगे स्वतःच लाकूड कोरायचे का?
नाही, सहसा नाही. चित्रकार फक्त कागदावर शाईने ड्रॉइंग करून द्यायचा, पैसा लावणारा प्रकाशक वेगळा, कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. ते ड्रॉइंग चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचे आणि त्याच्यावरूनच कोरायचे, म्हणजे मूळ ड्रॉइंग त्यातच संपून जायचं. मग प्रत्येक रंगाला सहसा वेगळा ठोकळा, आणि कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच, एवढ्याशा युक्तीवर सगळं चालायचं!

याच परंपरेतल्या उतामारोच्या सुंदरींचे चेहरे झूम करून बघा, कपाळापाशी केसांच्या रेषा किती बारीक आहेत, त्या कोरणाऱ्याने सोडलेल्या आहेत, आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकून. हे काम कसलेल्या माणसालाच द्यायचे. आणि हिरोशिगेच्या तोकाइदो या जुन्या जपानी रस्त्यावरच्या प्रवासमालिकेत (१८३३-३४ च्या सुमारास) आकाश गडद निळ्यापासून हळूहळू फिकट होत जातं ना, ते छापणारा दर प्रतीला ठोकळ्यावरचा रंग हाताने पुसून, ओला करून करायचा, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतीसुद्धा वेगळ्या दिसतात.

शाराकू या चित्रकाराची नाटकातल्या नटांची चित्रं तर नक्की बघाच, १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिने त्याचं काम दिसतं पण काय ते चेहरे, सुरुवातीच्या चित्रांत मागे अभ्रकाची चमक, ती स्क्रीनवर कळतच नाही, प्रत्यक्ष प्रिंट जरा तिरकी धरली की दिसते. माझ्या मते कोरणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची नावंही चित्रकाराच्या बरोबरीने घ्यायला हवीत.