जुन्या मसल कारमध्ये (म्हणजे ताकदवान इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाडीत) नवं इंजिन बसवलं की तिची मजा जाते का? आणि अशी गाडी रोज चालवता येते का?

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्या गॅरेजात १९६९ची शेवरले कॅमॅरो आहे आणि तिच्यात जनरल मोटर्सचं आजच्या काळातलं एलएस३ व्ही८ इंजिन आहे. तेव्हा निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

आधी गाडी कुठली घेताय ते बघा. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतोय, म्हणजे इंजिन मूळचंच आहे, अशी झेड/२८ किंवा एसएस ३९६ (कॅमॅरोच्या ताकदवान आवृत्त्या) हाती लागली, तर कृपा करून तिला पाना लावू नका. माझी अगदी साधी होती. कारखान्यातून आलेलं इंजिन कधीच गेलेलं, त्या जागी कुणीतरी दुसरं बसवलेलं, आणि खालचा पत्रा मिठाने खाल्लेला. (इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.) बिघडवण्यासारखं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

ताकदीचं म्हणाल तर १९६९च्या एसएसमधल्या ३५० घनइंची इंजिनाची कागदावर ३०० अश्वशक्ती. पण तेव्हाचे आकडे ‘ग्रॉस’ असत, म्हणजे इंजिन गाडीबाहेर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेले. ‘नेट’ आकड्यांची पद्धत १९७२च्या सुमारास आली. एलएस३ची ४३० अश्वशक्ती ही नेट आहे, त्यामुळे खरा फरक दिसतो त्याहून बराच मोठा. गंमत म्हणजे याही इंजिनात व्हॉल्व्ह ढकलणारे पुशरॉडच आहेत, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटातच, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. म्हणून ते आटोपशीर आहे आणि जुन्या बॉनेटखाली मावतं.

‘मावतं’ हे जरा सैल अर्थाने घ्या. माझ्या इंजिनासोबत आलेला ऑइल पॅन क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीला) टेकत होता, तो बदलावा लागला. आणि पेट्रोलच्या टाकीने तर रडवलं. आम्ही नवा पंप जुन्याच टाकीला जोडला होता. टाकी पाव भरलेली असताना हायवेच्या गोल रॅम्पवर गाडी घातली की इंजिन खोकायचं. दोन आठवडे आम्ही वायरिंग तपासत बसलो! कारण साधं होतं. वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, त्यामुळे जुन्या इंजिनाला ते कळत नसे. नव्या इंजिनातल्या फ्युएल इंजेक्शनला मात्र जवळजवळ ५८ पीएसआय दाब अखंड लागतो. शेवटी आतून आडपडदे असलेली नवी टाकी घातली, तेव्हा खोकला थांबला.

खर्चाचा क्रम मात्र आम्ही उलटा लावला, तुम्ही तसं करू नका. आधी ब्रेक, मग रेडिएटर, मग सस्पेन्शन आणि स्टिअरिंग, इंजिन सगळ्यात शेवटी. १९६९च्या साध्या कॅमॅरोला चारही चाकांना ड्रम ब्रेक येत, पुढचे डिस्क हवे असतील तर जादा पैसे. ताशी ६० मैलांवर असताना मी पहिल्यांदा त्या ड्रमांवर जोरात पाय दिला, तेव्हा गाडी आधी डावीकडे बघून आली आणि मग थांबायचं मनावर घेतलं. त्याच गाडीला ४३० अश्वशक्ती जोडणं हा शुद्ध वेडेपणा होता.

आता मजा. आवाज बदलतो, हे कबूल करतो. जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये (शेवरलेच्या त्या काळच्या व्ही८मध्ये) सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ अशा क्रमाने पेटतात, एलएसमध्ये १-८-७-२-६-५-४-३. कानांना सवय असलेली माणसं बॉनेट न उघडता ओळखतात. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५पासून. तिथे एका आजोबांनी माझी गाडी सिग्नलवरून सुटताना ऐकली आणि नुसतं “हं” म्हणाले. कौतुक नव्हतं ते. पण स्टिअरिंगवर बसल्यावर ते लांबलचक बॉनेट, खिडकीवर टेकलेलं कोपर आणि दुसऱ्या गिअरात पाठीला बसणारा धक्का, हे सगळं जागच्या जागी आहे. मला तेवढं पुरतं.

आणि रोज? चालवता येते. जुन्या चार गिअरच्या मन्सी गिअरबॉक्समुळे हायवेवर इंजिन सतत ओरडत असे. आता ट्रेमेकचा सहा गिअरचा टी-५६ आहे, सहाव्यात शेजारी बसलेल्या बायकोशी साध्या आवाजात बोलता येतं. तरी नोव्हेंबर ते एप्रिल ती चादरीखालीच असते. मिठाने एकदा पत्रा खाल्लेला मी पाहिलाय, त्यामुळे तेवढे महिने ऑफिसला होंडा नेतो.