गुलमोहरासारखं दिसणारं झाड उन्हाळ्यात न फुलता दसऱ्याच्या सुमारास का फुलतं?

पानं गुलमोहराची, पण मे महिन्यात एक फूल नाही. दसऱ्याच्या सुमारास मात्र केशरी घोस लोंबतात, आणि सोसायटीतले लोक झाड बिघडलंय म्हणून तोडायला निघालेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्यांना थांबवा. वर्णनावरून हा कोल्विलिया असणार. या प्रजातीत एकच जात आहे, कोल्विलिया रेसमोझा, आणि ती मूळची फक्त मादागास्करची. आपल्याकडे जुन्या बागांमधून तुरळकच दिसतो.

खात्री करायची तर एखादा घोस जवळून बघा. गुलमोहराच्या पाकळ्या सुट्या, पसरलेल्या असतात आणि एकीवर पांढरट-पिवळे पट्टे असतात. याच्या कळ्या गोल, मखमली, द्राक्षांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. देठाकडून टोकाकडे त्या फुटत जातात, पण फूल पूर्ण पसरतच नाही. पिवळे पुंकेसर तेवढे बाहेर डोकावतात. बहरात शिंजीर पक्षी या झाडावरून हलत नाहीत, हे मी दरवर्षी बघतो.

गुलमोहरही मादागास्करचाच, आणि दोघांना शास्त्रीय नाव दिलं ते मॉरिशसमध्ये स्थायिक झालेल्या बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञानं. 1824 मध्ये मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोंबेटोका उपसागराजवळ, त्याला कोल्विलियाचं एकच झाड दिसलं, तेही स्थानिकांनी लावलेलं. नाव पुढे मॉरिशसचे गव्हर्नर झालेल्या चार्ल्स कोल्विल यांच्यावरून पडलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. मादागास्करच्या पश्चिमेला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. तिथे गुलमोहर पावसाच्या तोंडावर फुलतो, आणि कोल्विलिया पावसाळा सरत आल्यावर. आपल्याकडे पावसाचे महिने बदलले, तशा दोघांच्या फुलायच्या वेळाही बदलल्या. पावसाशी असलेलं नातं मात्र तेच राहिलं. म्हणजे तुमचं झाड अगदी वेळेवर फुलतंय!

छाटणी करायचीच असेल तर पावसाळ्यात अजिबात नको. घोस फांद्यांच्या टोकांनाच येतात, त्यामुळे जून-जुलैत शेंडे छाटले की त्या वर्षीचा बहर गेलाच. शेंगा वाळून पानगळ झाली की फक्त सुकलेल्या फांद्या काढा. आणि शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सोसायटीच्या बैठकीत आधीच सांगून ठेवा.