ख्रिस्तविरोधक कोण, हे बायबलवरून ओळखता येतं का?

सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका परदेशी नेत्याचं नाव ‘हाच ख्रिस्तविरोधक’ (म्हणजे शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा शत्रू) म्हणून फिरतंय, खाली त्याच्या नावाची ६६६, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा, अशी बेरीज मांडलीय, पाळकसाहेब काही बोलत नाहीत आणि तुमच्या आईची झोप उडालीय. असा माणूस बायबलवरून खरंच ओळखता येतो का?

आजवर ज्यांनी ज्यांनी ओळखला, ते सगळे चुकले. त्यांत मीही आहे.

मी पाळक नाही. अहिल्यानगरच्या एका मंडळीत शब्बाथ शाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घेतो, एवढाच माझा अधिकार. पण या बाबतीतला एक अनुभव गाठीशी आहे. जानेवारी १९९१. आखाती युद्ध पेटलेलं, दूरदर्शनवर रोज बगदाद. मी एकोणीस वर्षांचा, बायबलमधलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, नुकतंच दोनदा वाचून काढलेलं, त्यामुळे सगळं उमगल्याच्या थाटात. सद्दाम हुसेनने प्राचीन बाबेलच्या अवशेषांवर नव्या भिंती उभारल्या होत्या, विटांवर स्वतःचं नावही उमटवून घेतलं होतं. प्रकटीकरणात बाबेल आहे, बाबेलचा नाश आहे. मला आणखी काय हवं होतं? तरुण संघाच्या सभेत मी फळ्यावर खडूने त्याचं नाव लिहिलं.

बहुतेकांनी ऐकलं आणि चहा पिऊन घरी गेले. एका मित्राने मात्र ते फारच मनावर घेतलं. तो आयटीआयला वायरमनच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रभू येणारच आहे तर परीक्षा कशाला, म्हणून त्याने फॉर्मच भरला नाही. वर्ष गेलं. त्याचे वडील माझ्यावर रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, “तुझा फॉर्म भरलास का रे?” माझा बी.कॉम.चा भरून झाला होता.

सद्दामला ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी झाली. जग चालू राहिलं.

आता त्या बेरजेकडे येऊ. अशा फॉरवर्डमधला हिशेब बहुधा सहाच्या पाढ्याने चालतो: इंग्रजीतला ए म्हणजे ६, बी म्हणजे १२, सी म्हणजे १८, असं झेडपर्यंत. या हिशेबाने ‘कॉम्प्युटर’ची बेरीज ६६६ भरते. अमेरिकेचे एकेकाळचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या आडनावाची भरते. ‘न्यूयॉर्क’ची भरते. लोक इथपर्यंत येतात, दचकतात आणि मेसेज पुढे ढकलतात. मी एका संध्याकाळी कागद घेऊन आपल्याकडचे शब्द घालून पाहिले. कोल्हापूर ६१२. महाबळेश्वर ६७२, सहाने वाचलं. आणि फणसपोळी (पी, एच, ए, एन, ए, एस, मग पी, ओ, एल, आय) बरोब्बर ६६६. करून बघा. माझ्या सासूबाई मालवणच्या, दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून डबा येतो. त्या डब्याने अजून तरी कुणाचा छळ केलेला नाही.

तरीही अक्षरांची बेरीज करणं हा मुळात खुळचटपणा नव्हता. त्या काळी ग्रीक आणि हिब्रू लिहिणारे आकड्यांसाठीही अक्षरंच वापरायचे, त्यामुळे प्रत्येक नावाला आपोआप एक आकडा असायचा. पाँपेईच्या एका भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय की जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. गावाला कळू नये पण तिला कळावं, अशी ती सोय. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात श्वापदाचा आकडा आहे, आणि ते पुस्तक लिहिलंय आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, रोमच्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसांना. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं की ६६६ होतात. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा ‘न’ गाळला की पन्नास कमी होऊन ६१६ उरतात. आणि गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावरही तेच. म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडे बोट दाखवतात. मलाही ते पटतं. पण ‘ते तेव्हाचं झालं, शेवटच्या काळात आणखी एक येणार आहे’ असं मानणारे ख्रिस्ती पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्याशी भांडायला जात नाही. भांडण आहे ते नाव जाहीर करण्याशी.

या बाबतीत माझा गुरू इरेनियस. आजच्या फ्रान्समधल्या लिऑनचा हा बिशप साधारण इ.स. १८० च्या सुमारास लिहीत होता. लहानपणी त्याने स्मुर्णाच्या पॉलिकार्पला ऐकलं होतं, आणि पॉलिकार्प योहानाला (परंपरेने प्रकटीकरण ज्याच्या नावावर आहे त्याला) भेटलेला, असं इरेनियस स्वतः सांगतो. म्हणजे मध्ये फक्त एक माणूस. तुमच्या ग्रुपवरच्या कुणापेक्षाही हा त्या पुस्तकाच्या जास्त जवळचा. त्यालाही लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. त्याने युआंथस, लॅटिनोस, तैतान अशी ग्रीकमधली नावं घेतली, तिन्हींची बेरीज ६६६ येते हे दाखवलं, तैतान त्यातल्या त्यात जुळतं असंही म्हटलं, आणि मग हात आखडता घेतला. त्याचं म्हणणं असं की या आकड्यात बसणारी नावं कितीतरी निघतात. ते नाव आताच जाहीर होणं गरजेचं असतं, तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच ते सांगितलं असतं. तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा भाकीत पूर्ण होण्याची वाट पाहणं जास्त सुरक्षित. चुकीचं नाव धरून बसाल तर खरा आला तेव्हा ओळखणार नाही, हा इशाराही त्याने दिलाय.

पण इतका सावध माणूसही एका जागी घसरला. प्रकटीकरणातल्या इस्राएलच्या गोत्रांच्या यादीत ‘दान’ नावाचं गोत्र नाही, म्हणून ख्रिस्तविरोधक त्याच गोत्रातून येणार, असं त्याने लिहून ठेवलं. नाव नाही घेतलं, पण वंश सांगितला. पुढे मध्ययुगात ‘ख्रिस्तविरोधक यहुदीच असणार’ ही समजूत युरोपभर पसरली आणि यहुद्यांच्या द्वेषाला तिने खतपाणी घातलं.

मुळात ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात नाहीच. ग्रुपवर हे सांगून बघा, अर्धे लोक पुस्तक उघडून शोधायला लागतील. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द फक्त पाच वेळा येतो, सगळे योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात. आणि तिथे योहान काय म्हणतो? ख्रिस्तविरोधक येणार हे तुम्ही ऐकलंय, तर ऐका, आताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक उठलेत. अनेकवचन. पुढच्याच वचनात तो सांगतो की ते आपल्यातूनच बाहेर पडले. बगदादहून किंवा मॉस्कोहून आलेले नव्हते, शेजारच्या बाकावर बसणारे होते. त्यांची ओळख काय, तर येशू हाच ख्रिस्त हे ते नाकारतात, तो देहाने आला हे कबूल करत नाहीत. तोंडवळा, राष्ट्र, जन्मखूण यांतलं तिथे काहीही नाही. (सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा लाल डाग म्हणजेच श्वापदाची खूण, असं एका जमान्यात लोक अगदी गंभीरपणे सांगायचे.) आपण मात्र दानीएलाचं शिंग, पौलाचा अनीतिमान पुरुष, प्रकटीकरणातलं श्वापद आणि योहानाचा ख्रिस्तविरोधक या चौघांचा एकच फोटो करतो आणि मग वर्तमानपत्रात तो चेहरा शोधत बसतो. चौघं एकच असतीलही, तसं मानण्याची परंपरा जुनी आहे. पण तो आपण लावलेला जोड आहे, एवढं तरी लक्षात असू द्यावं.

थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र तर तुमच्या आईसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. प्रभूचा दिवस येऊनच ठेपलाय अशी आवई तिथे उठली होती, आणि ती उठवायला पौलाच्या नावाचं पत्रही फिरत असावं, कारण ‘जणू काय आमच्याकडून आलेल्या’ पत्राने घाबरून जाऊ नका असं तो बजावतो. फॉरवर्डची खोड दोन हजार वर्षांची आहे. अनीतिमान पुरुषाचा उल्लेख याच अध्यायात येतो, आणि तो येतो तो घाबरलेल्यांना शांत करण्यासाठी. त्याला अडवून धरणारं काहीतरी आहे, असंही पौल म्हणतो. ते काय? ऑगस्टीनसारख्या पंडिताने यावर सरळ लिहून टाकलं की पौलाला काय म्हणायचंय ते मला कळत नाही. आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात काम सोडून लुडबुड करत हिंडणाऱ्यांना पौल झापतो: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. मी हे १९९१ साली वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि ओलांडून पुढे गेलो होतो.

इतिहासात किती जण या खड्ड्यात पडले ते सगळं सांगत बसत नाही. सम्राट दुसरा फ्रेडरिक हाच तो, आणि १२६० साली युग पालटणार, अशी जोआकिम ऑफ फियोरे या इटालियन मठाधिपतीच्या अनुयायांची खात्री होती. फ्रेडरिक १२५० सालीच मेला. सालिम्बेने नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने पुढे लिहिलं की तेव्हापासून मी तो नाद सोडला, आता डोळ्यांनी दिसेल तेवढंच मानायचं. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० साली पोपच्या फतव्याला ख्रिस्तविरोधकाचा फतवा म्हटलं, आणि कॅथलिक बाजूच्या पंडितांनी लूथरच्या नावातून ६६६ काढून दाखवले. १६४६ सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात (प्रेस्बिटेरियन पंथाच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) तर पोप म्हणजेच ख्रिस्तविरोधक, हा छापील सिद्धांतच झाला. अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी तो १९०३ साली बदलला. कोकणात बाणकोटला १८२३ साली उतरलेले स्कॉटिश मिशनरी याच विश्वासपत्राच्या परंपरेतले. आज माझ्या टेबलावर वसईच्या कॅथलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी मराठीत आणलेलं बायबल असतं आणि वर्गाची तयारी मी त्यावरून करतो. माझ्या पणजोबांना हे दाखवलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती रशियातली हकिगत. १६५३ नंतर रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचा प्रमुख धर्मगुरू निकॉनने तिथल्या उपासनेत बदल केले. क्रुसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायची, येशूच्या नावात एक अक्षर वाढवायचं, अशा गोष्टी. जुन्या रीतीला धरून राहिलेल्यांना हे ख्रिस्तविरोधकाचं काम वाटलं, आणि त्यात मॉस्कोची धर्मपरिषद भरली ती नेमकी १६६६ साली. आकडाच जुळला! कुणी निकॉनला ख्रिस्तविरोधक म्हणालं, कुणी झारला, पुढे पीटर द ग्रेटला. सैनिक पकडायला आले की ख्रिस्तविरोधकाच्या हाती पडण्यापेक्षा बरं, म्हणून गावंच्या गावं लाकडी प्रार्थनागृहात दार लावून बसायची आणि आतून आग लावून घ्यायची. त्या शतकाच्या अखेरपर्यंत हजारो माणसं अशी जळून मेली, लेकराबाळांसकट. त्यांचा छळ खरा होता, हे विसरायचं नाही. पण झारबद्दलची त्यांची खात्री चुकीची निघाली.

आपल्याकडे हे इतक्या टोकाला जात नाही, पण जातं. मिझोराममधल्या काही ख्रिस्ती गटांनी आधारला श्वापदाची खूण समजून नोंदणीच नाकारली. ग्रुपवर बारकोड झाला, लस झाली, आता कुठली चिप आहे म्हणतात. प्रकटीकरणातली खूण उपासनेशी बांधलेली आहे: श्वापदाला नमन करणाऱ्यांची ती खूण. नकळत, रेशनच्या रांगेत उभं राहून, कुणाच्या कपाळी ती बसत नाही. शिवाय चौदावा अध्याय उघडताच कोकऱ्याच्या (म्हणजे ख्रिस्ताच्या) लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं दिसतं. त्या नावासाठी कुणी कधी चिप शोधली आहे का? एक शाई आणि दुसरी सिलिकॉन, असं कसं चालेल?

मग काहीच तपासायचं नाही का? तपासायचं, पण योहानाने दिलेल्या कसोटीवर. जो माणूस प्रभूच्या नावाने शिकवतो, तो येशूबद्दल काय सांगतो आणि भावाबहिणींशी कसा वागतो, हे बघायचं. हा तपास आपल्या मंडळीत, आपल्या व्यासपीठावर करता येतो. दहा हजार मैलांवरच्या नेत्याचं राजकारण तुम्हाला पटत नसेल तर राजकारण म्हणून खुशाल टीका करा. त्यावर देवाचा शिक्का मारला की मग चूक कबूल करायला जागा उरत नाही.

पाळकसाहेबांना एकटं गाठून विचारा; ग्रुपवर बोलले तर वाद होईल म्हणून ते गप्प असतील. आईला थेस्सलनीकाकरांचं दुसरं पत्र वाचून दाखवा, तीनच अध्याय आहेत, पंधरा मिनिटंही लागत नाहीत. आणि ज्याने तो मेसेज टाकला त्याला चारचौघांत उघडं पाडू नका. एकोणीस वर्षांचा असेल.

माझा तो मित्र आज मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. परीक्षा पुढच्या वर्षी दिली त्याने. तुमच्याकडे आलेला मेसेज गेल्या आठवड्यात त्याच्याकडेही पोचला होता, त्याने तो मला पाठवून खाली लिहिलं, “काय संदेष्टे, या वेळी कोण?” मी त्याला फणसपोळीची बेरीज पाठवली. त्याचं उत्तर आलं, “डबा आला की माझ्याकडे पाठव, मी नष्ट करतो.”