सही केलीस म्हणून सगळ्याला हो म्हणालास असं होत नाही

तुझा मेल वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, याच्या डिपार्टमेंटच्या सरांनी झोप आणि मेमरीवर स्टडी आहे म्हणून वर्गातलीच मुलं घेतली, फॉर्म लेक्चर चालू असताना फिरवला, याने न वाचता सही ठोकली, मग रोज रात्री एक कॅप्सूल आणि हेडफोन लावून कसलंतरी रेकॉर्डिंग ऐकत झोपायचं. आता झोप उडालीय, मधलेमधले तास आठवत नाहीत, कॅप्सूलमध्ये काय होतं विचारलं तर सर म्हणाले सही केलीयेस ना, आणि वर इंटर्नल मार्कांची आठवण करून दिली. आता हा विचारतोय की आमच्यावर माइंड कंट्रोलचा गुप्त प्रयोग झालाय असं पोलिसात लिहून देऊ का.

नको देऊस. तू खोटं बोलतोयस असं मला अजिबात वाटत नाही, पण तो शब्द तक्रारीत आला की ठाणे अंमलदार पुढचं वाचणारच नाही, आणि समोरचा वकील तर खूश होईल, मुलाच्याच डोक्यात काहीतरी झालंय म्हणायला मोकळा. सरांच्या मनात काय होतं हे तू सिद्ध कसं करणार? मला न सांगता औषध दिलं, हे मात्र सिद्ध करू शकतोस, आणि तेवढं पुरतं.

असले प्रयोग झालेच नाहीत असंही नाही हं. अमेरिकेत सीआयएने 1953 पासून एमके-अल्ट्रा नावाखाली माणसांना न सांगता एलएसडी हे भास घडवणारं ड्रग दिलं, विद्यापीठांमधलं संशोधनही त्याच्या पैशावर चालायचं. 1973 मध्ये फायली नष्ट करायला लावल्या. तरी 1977 मध्ये वीसेक हजार कागदपत्रं सापडली, का माहितीये? ती हिशोबाच्या रेकॉर्डमध्ये पडली होती, तिकडे कोणी बघितलंच नाही! म्हणून तुलाही सांगते, तुम्हाला मानधन मिळालं असेल तर त्याचं व्हाउचर, बँकेतली एंट्री, सही केलेलं रजिस्टर, याचे फोटो आधी काढ. रिसर्चची फाइल गायब होऊ शकते, अकाउंट्सवाले सहसा काही फेकत नाहीत.

आता सहीचं. समीरा कोहली केसमध्ये 2008 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की संमती म्हणजे पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती, आणि एका गोष्टीला दिलेली दुसरीला चालत नाही. ती ऑपरेशनची केस होती, पण मुद्दा इथेही कामाचा आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाइडलाइन्समध्ये तर विद्यार्थ्यांचा खास उल्लेख आहे, कारण मास्तरलाच नाही म्हणणं अवघड. काही मानसशास्त्रीय प्रयोगांत माहिती मुद्दाम लपवतात, ते चालतं, पण एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासून मंजुरी देणाऱ्या समितीची, आधी परवानगी पाहिजे आणि नंतर सगळं समजावून सांगायला पाहिजे. स्टडीतून कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी मार्क कापणं नियमात बसत नाही. आणि कॅप्सूलमध्ये नवीन औषध असेल किंवा जुनंच औषध नव्या कामासाठी वापरून बघत असतील तर 2019 चे क्लिनिकल ट्रायलचे नियम लागतात, मग त्रासावर फुकट उपचार आणि नुकसानभरपाई हे सगळं आलं.

पण हे सगळं नंतर. पहिल्यांदा डॉक्टरकडे जा, कॉलेजशी संबंध नसलेल्या, आणि आजच जा, कारण बरीच औषधं रक्त-लघवीतून थोड्याच दिवसांत निघून जातात. कॅप्सूल अजून चालू असेल तर ती कशी बंद करायची तेही त्यांनाच विचार, मेंदूवरची काही औषधं एकदम सोडली तर उलटतात. केसपेपरवर तारखेसकट सगळं लिहून घे. उरलेल्या कॅप्सूल पाकिटासकट बाजूला ठेव, उघडून बघत बसू नकोस. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नकोस, चॅट उडवू नकोस, फोन बदलू नकोस, पुढे कोर्टात ते दाखवताना सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की काम सोपं होतं.

मग एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना लेखी अर्ज, प्रत प्रिन्सिपॉलना. मागायचं एवढंच, माझ्या सहीच्या फॉर्मची कॉपी, माहितीपत्रक, कमिटीच्या मंजुरीचं पत्र, कॅप्सूलमध्ये काय होतं ते. कॉलेज सरकारी असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाक, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजुरीचं पत्रच नाही असं निघालं, किंवा रक्त-लघवीच्या रिपोर्टमध्ये भलतंच काही सापडलं, तर मग पोलीस. इजा होईल हे माहीत असून गुंगीचं किंवा अपायकारक औषध देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली गुन्हा आहे, 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथेही फक्त तारीख, वेळ, काय दिलं, काय झालं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर एसपींना लेखी, त्यानंतर मॅजिस्ट्रेट.

मार्कांचं तोंडी बोलले ना, मग आज रात्री सरांना साधा मेल टाक की अमुक दिवशी तुम्ही असं म्हणालात, मी स्टडीतून बाहेर पडतोय. शिव्या नकोत, वर्तमानपत्राची धमकी नको. आणि फॉर्मची कॉपी हातात आली की मला पाठव, त्यावर कमिटीचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते मी बघते.