रत्नागिरीत बसून हिमनदीचा अभ्यास होईल का?
होईल, नक्की करा. मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाने स्वतः शिकणं) वापरून हिमनदीची चाल घरबसल्या अभ्यासता येते का, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची (२०१५पासून) चित्रं फुकट मिळतात. दोन तारखांच्या चित्रांत तीच भेग किती पुढे सरकली ते मोजलं की वेग कळतो. बंदरावरून आपण होडीचा वेग ताडतो तसंच. एवढ्यासाठी चित्रं जुळवण्याचं साधं गणितही पुरतं.

मशीन लर्निंगची खरी गरज पुढे लागते. बर्फ किती घट्ट आहे, म्हणजे वाहायला किती विरोध करतो, हे उपग्रहाला दिसत नाही. २०२५मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अंटार्क्टिकाच्या तरंगत्या बर्फाचा वेग आणि जाडी न्यूरल नेटवर्कला (मशीन लर्निंगच्या एका प्रकाराला) दिली, सोबत प्रवाहाची समीकरणंही घातली, आणि त्यावरून तो घट्टपणा काढला. जिथे बर्फ ताणला जातो, तिथे तो दिशेनुसार वेगळा वागतो असं दिसलं! मला हे विलक्षण वाटतं.

सुरुवात गंगोत्रीपासून करा. चित्रांत वर्षभराचं अंतर ठेवा, आणि पावसाळ्यातली टाळा. आषाढात आपल्याकडे असतं तसं तिथलं आभाळही भरलेलं असतं. पायथन ही संगणकाची भाषा येत नसेल तर आधी तेच शिका.