उशिरा निवडलेल्या पोरासाठी किती थांबायचं?

"मॅडम, अजून किती वर्षं थांबायचं?" खेळणाऱ्या मुलांचे आईबाबा हे मला सारखं विचारतात, त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डेन्वरजवळ राहणारं मराठी कुटुंब, मुलगा पंधरा वर्षांचा, उंची भराभर वाढली पण अंगात ताकद अजून यायचीय, शाळेच्या बास्केटबॉलच्या ज्युनियर टीममध्ये अगदी शेवटी घेतलेला आणि बहुतेक मॅच बेंचवरच. बाबा नगेट्सचे, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्वरच्या टीमचे, कट्टर फॅन. मॅच संपली की गाडीत घरी येईपर्यंत तेच, बघ नगेट्सचा स्टार निकोला योकिच पण ४१ वा निवडला गेला होता, तू फक्त मेहनत कर. पोराची मॅचच्या आदल्या रात्रीची झोप उडालेली, जेवण कमी झालेलं, आणि मला म्हणालं की हरण्याची नाही, गाडीत बसायची भीती वाटते.

बाबांचा पोरावर खूप जीव आहे, ते मला पहिल्याच सेशनला दिसलं. पण योकिचच्या गोष्टीतला मधला भाग ते गाळत होते. म्हणून मी त्यांनाच विचारलं, २०१४ च्या ड्राफ्टनंतरचं (एनबीएच्या टीम्स दोन राउंडमध्ये पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) वर्ष योकिच कुठे होता? सगळं तोंडपाठ होतं त्यांना. सर्बियात, मेगा या त्याच्या जुन्या क्लबकडूनच खेळत होता, नगेट्सनी २०१५ ला आणलं, मग दुसऱ्या सीझनला टीममधल्याच नुर्किचबरोबर जोडी जमेना तेव्हा काही दिवस बेंचवरून आला, डिसेंबर २०१६ ला पुन्हा स्टार्टर झाला, म्हणजे सुरुवातीच्या पाचात आला, आणि पहिला एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, २०२१ ला. तो नुर्किच त्याच ड्राफ्टमध्ये १६ वा होता, तरी टीमने नंबर बघितला नाही, समोर कोण कसं खेळतंय ते बघितलं. तसाच एनबीएचा दुसरा खेळाडू जिमी बटलर, २०११ ला ३० वा, पहिल्या सीझनला मॅचमागे जेमतेम साडेआठ मिनिटं आणि २.६ पॉइंट्स, ऑलस्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड, झाला २०१५ ला.

पण मी सतनाम सिंगचंही सांगितलं. पंजाबचा पोरगा, २०१५ ला डॅलसच्या टीमने ५२ वा, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये, घेतला, भारतातून ड्राफ्ट झालेला पहिलाच, आणि एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, "मग थांबून उपयोग काय?"

मला इथेच यायचं होतं. दुसऱ्या राउंडमधल्या खेळाडूला पहिल्या राउंडसारखी काँट्रॅक्टची हमी नसते, टीमला जागा मोजक्या, त्यांना कधीतरी हो की नाही ठरवावंच लागतं. बापाला कुठली जागा भरायचीय? आणि योकिचला त्या वर्षी नुसतं थांबवून ठेवलं नव्हतं, भरपूर खेळायला मिळत होतं, ते या पोराला कुठेच मिळत नव्हतं.

मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या लीगमध्ये खेळायचं, तिथे पूर्ण वेळ कोर्टवर असतो, कोचकडून एका वेळी एकच काम मागून घ्यायचं, सध्या बॉक्सआउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने अडवून जागा धरणं), आणि गाडीत मॅचचा विषय पोराने काढला तरच. शाळेच्या टीममध्ये तो अजून बेंचवरच आहे, मी खोटं सांगणार नाही, पण झोपतोय, नीट जेवतोय. नोव्हेंबरमध्ये परत ट्रायआउट आहेत, बाबांनी विचारलंय की तोवर पर्सनल ट्रेनर लावू का, मी म्हटलं आधी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर तिथेच थांबा.