सर्वांच्या व्हॉइसमेलचे पिन व्यवस्थापकांकडे द्यावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, तीस जणांच्या कार्यालयासाठी फ्रीपीबीएक्सवर, म्हणजे कार्यालयाची टेलिफोन यंत्रणा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, व्हॉइसमेलची खाती उघडताना परवानग्या कशा वाटाव्यात, आणि व्यवस्थापक मागत आहेत त्याप्रमाणे सर्वांच्या पिनची यादी त्यांना द्यावी का. यादी मुळीच देऊ नये. मी हे इतक्या ठामपणे का म्हणतो, हे समजण्यासाठी एक प्रकरण सविस्तर सांगणे भाग आहे.

भोसरीतील एका कारखान्याच्या टेलिफोन यंत्रणेची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा खाती आधीच उघडलेली होती आणि पिनची छापील यादी स्वागतकक्षाच्या खणात असे, म्हणजे ती निम्म्या कार्यालयाला पाठ होती. एका शनिवारी संध्याकाळी एका जुन्या ग्राहकाने विक्री विभागातील एक्स्टेन्शनवर निरोप ठेवला की मागणीतील माप बदलले आहे. सोमवारी माल जुन्याच मापाने रवाना झाला आणि तसाच परत आला. ‘निरोप ठेवला होता’ असे ग्राहकाने सांगताच व्यवस्थापकांनी त्या एक्स्टेन्शनवर काम करणाऱ्या मॅडमना सर्वांदेखत सुनावले की निरोप तुमच्या खात्यात आला होता, तेव्हा तो तुम्हीच पुसला असणार. आपण तो ऐकलाच नाही, असे त्या परोपरीने सांगत होत्या. परंतु त्यांचा पिन कोणीही वापरू शकत असल्यामुळे त्यांना काही सिद्ध करता येत नव्हते, आणि खरे पाहता व्यवस्थापकांनाही नव्हते. दोष मात्र त्यांच्या माथी बसला.

मी सर्व्हरवर शोध घेतला. त्या खात्यात ईमेलचा पत्ता त्यांच्या आधी त्या जागी असलेल्या, नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा होता, तोही खासगी. आणि ‘ईमेल पाठवल्यावर निरोप पुसा’ हा पर्याय चालू होता. फ्रीपीबीएक्सच्या मुळाशी असलेल्या ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय चालू असला की ध्वनिमुद्रण ईमेलने रवाना होते आणि खात्यातून नाहीसे होते. फोनवरचा दिवा पेटलेला राहत नाही. शनिवारचा तो निरोप कोणत्या पत्त्यावर गेला, हे मेलच्या नोंदवहीत स्पष्ट दिसत होते. मॅडमना एकही निरोप कधी मिळाला नव्हता, आणि ग्राहक निरोप ठेवतच नाहीत असा सर्वांचा समज झाला होता.

नोंदी दाखवल्यानंतरही व्यवस्थापकांचे म्हणणे बदलले नाही. फोन कंपनीचा, निरोप कंपनीचा, मग यादी माझ्याकडे असण्यात गैर काय, असे ते मला आजही विचारतात. निरोप कंपनीचा आहे, हे मला मान्य आहे. परंतु दुसऱ्याच्या पिनने निरोप ऐकणारा त्या दुसऱ्याच्या नावाने वावरतो, आणि पुढे काही बिघडले की जबाब त्याला द्यावा लागतो ज्याचे नाव खात्यावर आहे. शिवाय त्या दिवशी खरा प्रकार उघडकीस आणताना मला कोणाच्याही पिनची गरज पडली नाही, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

आता आपल्या कार्यालयाविषयी. जे निरोप अनेकांनी ऐकायचे आहेत, त्यांच्यासाठी विभागाच्या नावाचे स्वतंत्र खाते वेगळ्या क्रमांकावर उघडावे, त्याचा ईमेल विभागाच्या सामाईक पत्त्यावर जाऊ द्यावा आणि पुसण्याचा पर्याय बंद ठेवावा. व्यवस्थापकांनी हेच खाते ऐकावे. फ्रीपीबीएक्सच्या यूझर मॅनेजमेंट या विभागात प्रत्येकाला यूसीपीवर, म्हणजे ब्राउझरमधून निरोप ऐकण्याच्या त्याच्या वैयक्तिक पानावर, केवळ स्वतःचे खाते आणि लागू असल्यास हे सामाईक खाते नेमून द्यावे. पिन बदलून देण्याचा अधिकार व्यवस्थापकांच्या हाती जरूर असावा, कारण पिन बदलला की जुना चालेनासा होतो आणि खातेदाराला ते कळते. यादीवरून गुपचूप ऐकलेले कोणालाच कळत नाही. पिन एक्स्टेन्शनच्या क्रमांकासारखा नसावा आणि किमान सहा अंकी असावा. व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावण्याची सोय कोणालाही देऊ नये, कारण सोपा पिन सापडला की परदेशी फोनांचे बिल कंपनीच्या नावावर चढते. सोप्या पिनमुळे काय घडते, हे ब्रिटनने पाहिले आहे: लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात २०११ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १६८ वर्षांचे साप्ताहिक बंद पडले, आणि त्या चोरीत मोबाईल कंपन्यांनी दिलेले व ग्राहकांनी कधीच न बदललेले पिन कामी आले होते.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सर्व निर्बंध फोन आणि यूसीपीपुरते आहेत. ध्वनिमुद्रणे सर्व्हरवर साध्या फाइलींच्या रूपात पडून असतात, त्यामुळे ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे सर्व्हरवरील सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आहे तो कोणाचाही निरोप ऐकू शकतो. माझ्यासारख्या देखभाल करणाऱ्यावरही आपल्याला तेवढाच विश्वास ठेवावा लागेल, म्हणून तो पासवर्ड दोघांपलीकडे जाऊ देऊ नये. तसेच एखाद्या तक्रारीच्या चौकशीसाठी वैयक्तिक खाते उघडून ऐकणे खरोखर आवश्यक झाले, तर तसा लेखी आदेश घेऊन, खातेदाराला कळवून ऐकावे; माझा विरोध त्याला नाही.

आणि कोणी नोकरी सोडली की त्याच्या खात्याचा ईमेल, पिन आणि स्वागताचे ध्वनिमुद्रण त्याच दिवशी बदलावे. हे काम व्यवस्थापकांचेच आहे, आणि भोसरीत ते त्यांनी केले असते तर त्या मॅडमना सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागले नसते.